भिलारेकाकांचा राँग नंबर

भिलारेकाकांनी आयुष्यात कुणालाही 'राँग नंबर' असं म्हटलं नाही. आपण म्हणतो. खाडकन म्हणतो आणि खाडकन फोन ठेवतो. पुण्यात तर चुकीचा नंबर लावणाऱ्याला आधी त्याची चूक, मग त्याचं शिक्षण आणि शेवटी त्याच्यावरचे संस्कार यांविषयी चार शब्द ऐकवून मगच फोन ठेवायची पद्धत आहे. भिलारेकाका मात्र रिसीव्हर कानाला लावून, डोळे अर्धवट मिटून एवढंच म्हणत, "बरं, मग?"

हिंजवडीतल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीचा नंबर आणि मार्केट यार्डातल्या एका कांद्याच्या अडत्याचा नंबर यांत एका आकड्याचा फरक होता. त्यामुळे दिवसातून दोनतीनदा रिसेप्शनशेजारच्या काकांच्या टेबलावर फोनमधून कांदा येऊन पडे.

"शेठ, मंचरची गाडी आलीया. कुठं लावू?"

"बरं, मग? आत्ता कुठं उभी हाय?" समोरच्याची बोली काकांच्या जिभेला लगेच चिकटत असे.

"मोठ्या गेटाम्होरं. मागनं समदे हॉर्न मारायल्यात."

"मारू द्या. त्यास्नी दुसरं काम न्हाई. तुमी गाडी डाव्या अंगाला घ्या, चहा घ्या, तवर मी मानूस धाडतो."

मग काका खरोखरच त्या अडत्याला फोन करून माणूस धाडायला सांगत. असं बरेच महिने चालल्यावर तो अडत्या दर दिवाळीला आमच्या कंपनीत कांद्याची दोन पोती पाठवू लागला. संगणकक्षेत्रात दिवाळीला सुक्या मेव्याच्या डब्याबरोबर दोन किलो कांदे देणारी आमची एकच कंपनी असावी.

काका आमच्याकडे 'अ‍ॅडमिन'मध्ये होते. म्हणजे बस, चहा, पंखे, पाहुणे, बंद पडलेली लिफ्ट आणि रुसलेले ड्रायव्हर असं सगळं त्यांच्याकडे. बुटके, गोरे, कपाळ थेट मानेपर्यंत गेलेलं, आणि शर्टाच्या खिशात कधीही न वापरलेलं पेन. जगातल्या कुठल्याही माणसाशी त्यांना बोलता येत असे, फक्त एक सोडून. त्यांचा मुलगा समीर सिंगापूरला होता आणि बापलेकांचं बोलणं तीन वर्षं बंद होतं. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. का बंद होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. विचारलं की काका म्हणत, "बरं, मग? तुमचं लग्नाचं काय?" मग विचारणाराच काढता पाय घेई.

हा हजरजबाबीपणा त्यांनी कमावला होता भोसरीच्या एका कारखान्यात. तिथं ते 'बदली' म्हणून लागले होते. बदली कामगारानं रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं आणि जो आला नसेल त्याच्या जागी काम करायचं. आज लेथवर, उद्या रंगकामाला, परवा कँटीनमध्ये भाताच्या टोपापाशी. कारखान्यातल्या हौशी नाटकांतही त्यांची नेमणूक हीच. ऐन वेळी जो नट येणार नाही त्याचे कपडे चढवायचे आणि रंगमंचावर शिरायचं. संवाद पाठ असण्याचा प्रश्नच नव्हता.

"एकदा मी नायिकेचा बाप म्हणून शिरलो," काका सांगत, "आणि आत गेल्यावर आठवलं, बाप पहिल्या अंकातच वारलाय."

"मग हो?"

"मग काय! नायिका हुशार. मला बघून म्हणाली, अय्या, तुम्ही तर अगदी बाबांसारखे दिसता. मी म्हटलं, दिसणारच पोरी, जुळा भाऊ मी त्याचा. काशीहून आलोय. अख्खा तिसरा अंक त्या भावावर चालवला आम्ही. लेखक समोर बसला होता. त्यालाही आवडला."

या बदलीगिरीतून त्यांनी एकच नियम काढला होता. समोरच्यानं हातात दिलेली वस्तू खाली टाकायची नाही. त्यानं दगड दिला तर दगड घ्यायचा आणि म्हणायचं, वा, चांगला गरम आहे. "'नाही' म्हटलं की सीन मेला. 'बरं, मग?' म्हटलं की गाडी पुढं जाते," असं ते म्हणत. पुढे देशात खुलं वारं आलं, बाहेरची यंत्रं आली आणि कारखान्यानं त्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कुणाची होती, ते विचारायचं नसतं. काका चार महिने घरी बसले आणि मग आमच्या कंपनीच्या गेटवर येऊन उभे राहिले, जुन्या सवयीनं.

त्यांचा सगळ्यात गाजलेला सीन पगडीचा. परदेशातून तीन बडे पाहुणे येणार होते. स्वागताला पुणेरी पगड्या आणल्या होत्या, पण माप घेतलं होतं आमच्या मॅनेजरच्या डोक्याचं. मॅनेजरचं डोकं लहान आहे हे आम्हाला आधीपासून ठाऊक होतं, कंपनीला त्या दिवशी कळलं. पहिल्या पाहुण्याच्या डोक्यावर पगडी ठेवली ती बाटलीवर बूच ठेवावं तशी बसली आणि घसरली. सगळे गार. काकांनी ती वरच्यावर झेलली, पाहुण्याच्या ओंजळीत ठेवली आणि आपल्या खणखणीत इंग्रजीत सांगितलं, की आमच्याकडे लहानसहान माणसांच्या डोक्यावर पगडी ठेवतात, खऱ्या मोठ्या माणसाला ती हातात देतात, कारण त्याच्या डोक्यावर आणखी काही ठेवायची गरजच नसते. पाहुणे इतके खूश झाले, की दिवसभर तिघेही पगडी ओंजळीत धरून हिंडले. जेवताना तेवढी खाली ठेवली. पुढच्या वर्षी त्यांच्याकडचे दुसरे दोघे आले, त्यांनी दारातच ओंजळी पुढे केल्या. आता कंपनीच्या स्वागताच्या फायलीत ही 'पुण्याची प्राचीन प्रथा' म्हणून नोंदलेली आहे.

मी हसले, पण मला ते पुरतं पचलं नाही. माझा स्वभावच तसा आहे. मी काकांना म्हटलं, "थाप मारलीत की हो!"

"थाप नाही. वेळ निभावली."

"दोन्हींत फरक काय?"

काका पंखा बघायला म्हणून उठून गेले. पंखा चालू होता.

आता थोडं माझ्याविषयी, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी वर्ध्याची. कंपनीत टेस्टर होते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात दोष काढायचा पगार घेत होते. घरी आईच्या मते हे काम मी आधी फुकट करत असे. माझी एकच अडचण होती, लिहून काढल्याशिवाय मला बोलता येत नसे. सिलिंडर मागवायचा तरी मी आधी कागदावर लिही: 'नमस्कार. सिलिंडर संपला आहे. (इथे ते नंबर विचारतील.)' तिकडच्या माणसानं नंबराऐवजी आधी पत्ता विचारला, की मी घाबरून फोन ठेवून देई. पुण्यात आल्यावर पहिल्या आठवड्यात मी एका दुकानदाराला विचारलं, "भाऊ, वही आहे का जी?" तो म्हणाला, "हे वह्यांचं दुकान आहे." याला काय म्हणायचं, ते माझ्या कागदावर नव्हतं. मी वही न घेता परत आले.

दर गुरुवारी आमचं परदेशातल्या ग्राहकाशी फोनवर बोलणं असे. मी चार पानं लिहून नेई. तो गृहस्थ सुरुवातीलाच विचारी, तुमच्याकडे हवा कशी आहे? हवेचं पान माझ्याजवळ नसे. तीन गुरुवार मी नुसता श्वास घेतला. मॅनेजरनं बोलावून सांगितलं, की असंच चाललं तर सहा महिने संपल्यावर मला कायम करता येणार नाही. मी जिन्यात जाऊन रडले. तिथं काका बल्ब बदलून घेत होते.

"काय झालं, लेखिकाबाई?" माझे कागद बघून त्यांनी माझं हे नाव पाडलं होतं.

मी सांगितलं. "बरं, मग?" ते म्हणाले. "उद्यापासून जेवणाच्या सुट्टीत तालीम."

तालीम मीटिंग रूममध्ये चाले. काका टेबलावर रिसेप्शनची घंटी ठेवत आणि कधी भाजीवाले होत, कधी पासपोर्टचे साहेब, कधी वर्ध्याहून मला बघायला आलेल्या मुलाची आत्या. मी 'नाही, पण' म्हटलं की घंटी वाजे. टिंग. पहिल्या दिवशी इतकी वाजली, की बाहेरून दोघं जण चहा आला का म्हणून बघून गेले. माझा कागद काका काढून घेत आणि स्वतःच्या कपाखाली ठेवत.

"अहो, काहून घेता? मला सुचत नाही ना त्याच्याशिवाय!"

"सुचायचं नसतंच. ऐकायचं असतं. समोरचा जे बोलतो त्यातच तुमचं पुढचं वाक्य असतं. तुम्ही कागदात बघता, म्हणून ते खाली पडतं."

चौथ्या गुरुवारी ग्राहक तापलेला होता. इतकी मोठी चूक तुम्हाला सापडली कशी नाही, असं त्यानं विचारलं. माझ्या ओठांवर 'नाही, पण' आलं आणि कानात घंटी वाजली. मी इंग्रजीत 'बरं, मग? पुढे काय झालं?' असं विचारलं. तो सांगत सुटला. मी ऐकत गेले. सांगता सांगता त्यालाच आठवलं, की मधल्या शनिवारी त्यांच्या माणसांनी परस्पर काहीतरी बदललं होतं. मग तो थांबला, हसला आणि त्यानं विचारलं, हवा कशी आहे? मी म्हटलं, उन्हाळा आहे, पण आमच्या वर्ध्याच्या मानानं हा थंडीचा मोसम समजायचा. मॅनेजर माझ्याकडे बघतच राहिला.

मी कायम झाले. पेढे घेऊन पहिल्यांदा काकांकडे गेले. त्यांनी स्वतःच्या टेबलावरून मला घरचा फोन लावून दिला. मी आईशी हसत-रडत बोलत होते, तेव्हा काका हळूच उठून बाहेर गेले. माझ्या ते लक्षात आलं, पण मी ते तसंच सोडलं. ऐकायला शिकले होते, पण फक्त गुरुवारपुरतं.

पुढच्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला कळलं, की काका महिनाअखेर निवृत्त होणार. सगळे म्हणाले, आता आराम करा. काका म्हणाले, "करीन की." मग मला एकटीला म्हणाले, "एकतीस तारखेनंतर मला फोन कोण करणार हो? चिंचवडच्या घरी राँग नंबरसुद्धा येत नाही."

त्याच आठवड्यात एका दुपारी मी त्यांच्याकडे सही घ्यायला गेले. ते माझ्याकडे पाठ करून फोनवर बोलत होते, जाड आवाजात, हिंदीत. "सर, मैं क्रेडिट कार्डवाला बोल रहा हूँ, दो मिनट..." फोनमधून आलेला आवाज मलाही ऐकू आला. तरुण, थकलेला, स्वच्छ पुणेरी आवाज.

"राँग नंबर."

फोन ठेवल्याचा आवाज आला. काकांनी रिसीव्हर बराच वेळ कानालाच धरून ठेवला होता. वळल्यावर त्यांना मी दिसले.

"समीर होता," ते म्हणाले. "ओळखतो तो मला. कधी मी कुरिअरवाला होऊन फोन करतो, कधी बँकवाला. दरवेळी तो राँग नंबर म्हणतो आणि ठेवतो. पण 'राँग नंबर' तरी म्हणतो. आवाज ऐकायला मिळतो."

मग त्यांनी सांगितलं. समीर सिंगापूरला शिकत होता, तेव्हा त्याच्या आईला मोठं आजारपण आलं. ती म्हणाली, त्याची परीक्षा होऊ दे, मग सांगा. समीर दर रविवारी फोन करी आणि काका वेळ निभावून नेत. आई देवळात गेलीय. आई भिशीला गेलीय. आईचा घसा बसलाय, आणि मग तिच्या बसलेल्या घशाची दहा मिनिटं नक्कल. तीन महिने तो सीन एकदाही पडला नाही. परीक्षेचे दोन पेपर राहिले होते आणि ती गेली. समीर तिसऱ्या दिवशी पोचला. तो एकच वाक्य बोलला, "बाबा, तुम्ही माझ्याबरोबरही नाटकच केलंत."

"त्याला काय उत्तर देणार?" काका म्हणाले. "त्यानं दगड दिला होता. मला तो घेता आला नाही, लेखिकाबाई. आता माझं एक काम करा. काय बोलायचं ते लिहून द्या. बाप म्हणून फोन करायचा तर मला एक वाक्य येत नाही. बाकी कुणाच्याही जागी उभा राहीन."

मी लिहून दिलं. दोन पानं, मुद्देसूद, कंसात 'इथे तो रागावेल' असं सगळं. तालीम त्याच मीटिंग रूममध्ये सुरू झाली. घंटी आता माझ्या हातात होती. पहिलं वाक्य साधं होतं: 'समीर, मी बाबा बोलतोय.' पण काकांच्या तोंडून ते सरळ येईना. कधी त्यात खर्ज लागे, कधी खोकला, एकदा तर ते म्हणाले, "समीर, ओळख पाहू कोण?" टिंग. "समीर, तुझा जन्मदाता..." टिंग. दोष काढायचा माझा सगळा अनुभव मी पणाला लावला. दहा दिवसांनी ते वाक्य कोरडं, सरळ, कुठल्याही सोंगाशिवाय आलं, आणि मी घंटी खाली ठेवली.

फोन रविवारी सकाळी करायचा ठरला. घरून नको, असं काकांचं म्हणणं पडलं. "तिथं बोलायला लागलो की ती खाट दिसते." परदेशी फोनचं कार्ड त्यांनी स्वतःच आणलं होतं. ऑफिस रिकामं होतं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मीटिंग रूममधल्या स्पीकरच्या फोनपुढे ते माझी दोन पानं सरळ करत बसले.

"हॅलो," समीर म्हणाला.

"समीर, मी बाबा बोलतोय."

फोन ठेवला गेला नाही. मग समीरचा आवाज आला, "आज कोण म्हणून?"

हे माझ्या कागदात नव्हतं. मी घाईघाईनं कंस शोधू लागले. काकांनी माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि दोन्ही पानं उलटी करून कपाखाली ठेवली.

"आज कुणी नाही. मीच आहे," ते म्हणाले. "समीर, तुला भिशीचं सांगितलं होतं ना, त्या रविवारी आई भिशीला गेली नव्हती. खाटेवर होती, माझ्या शेजारीच. तुझा आवाज ऐकला आणि तिनं फोनसाठी हात पुढे केला. दोनदा केला. मी दिला नाही. तिचा आवाज ऐकलास तर तुला कळेल, म्हणून. मी तुझ्याशी भिशीचं बोलत बसलो आणि तिचा हात तसाच होता. तिच्यासाठी केलं, तुझ्यासाठी केलं, असं मी तीन वर्षं म्हणतोय. पण मला माझा सीन पडू द्यायचा नव्हता. ते मला छान जमत होतं रे. चुकलं माझं."

स्पीकरमधून नुसती बारीक खरखर येत होती. काकांनी डोळे मिटले होते, आता काही येणार नाही असं समजून चुकलेल्या माणसासारखे. आणि मग तो आवाज आला. चिरकलेला होता, पण शब्द मला पाठ होते.

"बरं, मग?"

काका दचकले. हे दोन शब्द त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना दिले होते, त्यांना स्वतःला ते कुणी दिलेले मी पाहिले नव्हते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, फोनच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि म्हणाले, "मग... मग तू जेवलास का रे?"

तिकडे समीर हसला की रडला, ते मला सांगता येणार नाही. मी उठले आणि दार ओढून घेतलं.

बाहेर येऊन मी काकांच्या टेबलापाशी बसले. गेल्या उन्हाळ्यात जिन्यात रडून झाल्यावर वाटलं होतं, तसं हलकं वाटत होतं. काचेतून काका दिसत होते, हातवारे करत नव्हते, नुसते ऐकत होते. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"शेठ, नारायणगावची गाडी हाय. गेट कुठलं धरू?"

माझ्याजवळ कागद नव्हता. मार्केट यार्ड मी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

"डाव्या अंगाला घ्या, भाऊ," मी म्हटलं. "आणि चहा घ्या. शेठ जरा घरच्यांशी बोलत आहेत."